दाब उतरल्यानंतरची वर्षे: बालकांच्या जन्मजात काचबिंदूवरील शस्त्रक्रियांचा आढावा

तान्ह्या बाळाच्या डोळ्यातला काचबिंदू शस्त्रक्रियेने बरा होतो का, हा प्रश्न नेत्रतज्ज्ञ आणि बाळाचे आईवडील एकाच वेळी विचारतात, पण दोघांच्या मनातला अर्थ वेगळा असतो. नेत्रतज्ज्ञाच्या नोंदवहीत यश म्हणजे डोळ्याचा दाब ठरलेल्या मर्यादेखाली आलेला. घरच्यांना जाणून घ्यायचे असते ते पोराला फळ्यावरचे दिसेल का, रस्ता एकट्याने ओलांडता येईल का, आणि म्हातारपणापर्यंत नजर टिकेल का. गेल्या ऐंशी वर्षांत या शस्त्रक्रियांवर पुष्कळ लिहिले गेले. त्यातला मोठा भाग पहिल्या अर्थाच्या उत्तराने भरलेला आहे. दुसऱ्या अर्थाचे उत्तर मिळायला पंधरा-वीस वर्षे थांबावे लागते, आणि तोवर बरीच मुले दवाखान्याच्या नोंदीतून निघून गेलेली असतात.

हा आढावा मावळ तालुका डोळ्यांसमोर ठेवून घेतला आहे. लोणावळ्यापासून तळेगावपर्यंत लोहमार्ग, जुना महामार्ग आणि द्रुतगती मार्ग यांच्या कडेने शहर पसरले आहे. त्याच तालुक्यात आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळातल्या वाड्या आहेत, जिथून पावसाळ्यात तालुक्याच्या ठिकाणी, म्हणजे वडगावला पोहोचणेही दिवसभराचे काम होते. एकाच आजाराचे दोन वेगळे निकाल अशा भूगोलात लागू शकतात. उपलब्ध पुरावा नीट वाचला तर त्यातूनही हेच निघते: शस्त्रक्रियेचा दूरचा निकाल सर्जनच्या हातात असतो तितकाच शस्त्रक्रियेआधीच्या काही आठवड्यांच्या आणि नंतरच्या कित्येक वर्षांच्या हातात असतो.

आजार नेमका काय

डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा द्रव सतत तयार होत असतो. बुबुळाच्या कडेला असलेल्या जाळीदार ऊतीतून तो श्लेमच्या नलिकेत आणि तिथून रक्तात जातो. जन्मजात काचबिंदूत ही कडेची ऊती गर्भात पुरती घडलेलीच नसते. मोरीची जाळी तुंबली की पाणी मागे साठत जाते, तसा द्रव साठतो आणि दाब चढतो. प्रौढ माणसाच्या डोळ्याचे कवच टणक असल्याने दाबाचा मारा थेट डोळ्याला मेंदूशी जोडणाऱ्या नेत्रचेतेवर होतो. साधारण तीन वर्षांखालच्या मुलाचे कवच मऊ असते, म्हणून नेत्रचेतेबरोबर सगळा डोळाच ताणला जाऊन मोठा होतो.

बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला पारपटल म्हणतात. नवजात बाळात त्याचा व्यास साडेनऊ ते साडेदहा मिलिमीटर असतो. वर्षाच्या आत तो १२ मिलिमीटरच्या पुढे गेला तर संशय घ्यायचा, आणि १३ च्या पुढे असेल तर वय कोणतेही असो, तपासणी टाळायची नाही. ताण वाढला की पारपटलाच्या आतल्या थराला चिरा पडतात. त्यांना हाबच्या रेषा म्हणतात. त्या चिरांतून पाणी शिरून बुबुळ धुरकट, निळसर दिसू लागते.

बाहेरून दिसणारी लक्षणे तीन: डोळ्यातून पाणी, उजेड सहन न होणे आणि पापण्या घट्ट मिटून घेणे. आपल्याकडे यातल्या प्रत्येकाला घरगुती स्पष्टीकरण तयार असते. पाणी येते म्हणजे लासरू झाले, मग नाकाच्या कोपऱ्यावर मालिश. डोळे उघडत नाही म्हणजे ऊन लागले किंवा काजळ झोंबले. आणि डोळे मोठे दिसतात म्हणजे पोर आजोळवर गेले, टपोऱ्या डोळ्यांचे निघाले, त्याची दृष्ट काढा. लासरू झालेल्या बाळाच्या डोळ्याला चिकटा धरतो, पण ते दिव्याकडे टकमक पाहते. काचबिंदूचे बाळ उजेड आला की तोंड फिरवून आईच्या पदरात खुपसते. एवढा फरक ओळखला गेला तरी पुढचे बरेच काही बदलते.

इथे एक सीमा आखून घ्यायला हवी. मुलांमधला काचबिंदू इतर कारणांनीही होतो: चेहऱ्यावर लालसर जन्मखूण असणारा स्टर्ज-वेबर विकार, बुबुळाचा रंगीत पडदा (कनीनिका) नसणे, गर्भारपणातला रुबेला, तान्हेपणी केलेली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, किंवा ॲलर्जीसाठी महिनोन्‌महिने घातलेले स्टिरॉइडचे थेंब. या सगळ्यांचे निकाल प्राथमिक जन्मजात काचबिंदूपेक्षा सहसा वाईट असतात. अहवाल वाचताना हे गट एकत्र केले असतील तर आकडे फसवतात.

मावळात किती बाळे

ब्रिटनमधल्या देशव्यापी पाहणीत दर साडेअठरा हजार जन्मांमागे एक असे प्रमाण आढळले. सौदी अरेबियात ते अडीच हजारांत एक, तर स्लोव्हाकियातल्या रोमा समाजात साडेबाराशेंत एक इतके दाट आहे. भारतासाठी वारंवार दिला जाणारा आकडा आंध्र प्रदेशातला आहे: सुमारे ३,३०० जन्मांमागे एक.

मावळ तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पावणेचार लाखांच्या आसपास होती. हजारी पंधरा जन्म धरले तर वर्षाला साडेपाच हजारांवर बाळे. आंध्रचा दर लावला तर तालुक्यात वर्षाला एखाद-दुसरे बाळ, ब्रिटनचा लावला तर तीन वर्षांत एक. हा केवळ अंदाजाचा हिशेब आहे, पण त्यातून एक गोष्ट कळते. कार्ला किंवा टाकवे बुद्रुकच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला आपल्या तिथल्या सगळ्या नोकरीत असे एखादेच मूल भेटेल, कदाचित एकही नाही. इतका विरळ आजार अनुभवातून ओळखता येत नाही. तो शिकवून ठेवावा लागतो.

शस्त्रक्रियांची वाटचाल

जन्मजात काचबिंदू हा मुळात शस्त्रक्रियेचा आजार आहे. थेंब आणि औषधे शस्त्रक्रियेपर्यंत पारपटल थोडे स्वच्छ करण्यापुरती किंवा शस्त्रक्रियेनंतर राहिलेला दाब आवरण्यापुरती. त्यातही ब्रिमोनिडीनचे थेंब दोन वर्षांखालच्या मुलाला वर्ज्य आहेत, कारण बाळ गुंगीत जाते आणि श्वास मंदावतो. मोठ्यांच्या काचबिंदूसाठी घरात असलेली बाटली तान्ह्या बाळाला वापरणे जिवावर बेतू शकते.

१९३९ साली ऑस्ट्रेलियन नेत्रतज्ज्ञ रिंगलंड अँडरसन यांनी या आजारावर ग्रंथ लिहिला तेव्हा पोटापाण्यापुरती नजर वाचण्याचीही आशा त्यांना फारशी दिसत नव्हती. त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत ऑटो बार्कन यांनी डोळ्याची कड भिंगातून प्रत्यक्ष पाहत बारीक सुरीने ती अपुरी ऊती छेदायला सुरुवात केली. इटलीतल्या दे व्हिन्चेंतीस यांनी १८९३ मध्ये असाच छेद अंदाजाने घेतला होता. बार्कन यांनी तो डोळ्यांना दिसेल असा केला. १९४२ च्या त्यांच्या लेखानंतर ही पद्धत गोनिओटॉमी या नावाने रूढ झाली आणि अंधत्व हाच शेवट असलेल्या या आजाराला दुसरा शेवट मिळाला.

गोनिओटॉमीला एक अट आहे: पारपटल स्वच्छ हवे, नाहीतर सर्जनला कड दिसत नाही. १९६० मध्ये लंडनचे रेडमंड स्मिथ आणि अमेरिकेतले हर्मन बुरियन यांनी स्वतंत्रपणे बाहेरून श्लेमची नलिका शोधून ती आतल्या बाजूला उघडण्याची पद्धत मांडली. हीच ट्रॅबेक्युलोटॉमी. धुरकट पारपटलातही ती करता येते. १९६८ मध्ये केर्न्स यांची ट्रॅबेक्युलेक्टॉमी आली. तिच्यात डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या आवरणाखाली द्रवाला नवी वाट काढून दिली जाते. १९९५ मध्ये बेक आणि लिंच यांनी नलिकेत धागा फिरवून ती एकाच बैठकीत पूर्ण ३६० अंशांत उघडून दाखवली. आता त्यासाठी टोकाला प्रकाश असलेली बारीक नळी वापरतात.

भारतातली वाट थोडी वेगळी पडली. इथे मूल उशिरा येते, पारपटल धुरकट झालेले असते आणि पुन्हा पुन्हा भूल देणे, पुन्हा पुन्हा प्रवास करणे कुटुंबाला झेपत नाही. म्हणून हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डॉ. अनिलकुमार मंडल यांनी ट्रॅबेक्युलोटॉमी आणि ट्रॅबेक्युलेक्टॉमी एकाच वेळी करण्याची पद्धत पहिली शस्त्रक्रिया म्हणून वापरली. गरजेप्रमाणे दोन्ही डोळे एकाच भुलेत केले, आणि महिन्याच्या आतल्या अर्भकांवरही ती करून निकाल प्रसिद्ध केले. २००३ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला. भारतीय मुलांच्या दूरच्या निकालांविषयी जे काही भक्कम माहीत आहे, त्याचा मोठा वाटा या एका केंद्रातून आला आहे.

या वाटा बंद पडल्या की उरतात नळी बसवणे आणि लेझर. द्रव बाहेर नेणाऱ्या अहमद झडपेला मदुराईच्या ऑरोलॅबने २०१३ मध्ये बिनझडपेचा, कमी किमतीचा देशी पर्याय दिला. लेझरने द्रव तयार करणारा भागच जाळून कमी करतात. त्याचा परिणाम टिकत नाही म्हणून ते पुन्हा करावे लागते, आणि अति झाले तर डोळा सुकतो. म्हणून ते शेवटी.

दाबाचे निकाल

तीन महिने ते एक वर्ष या वयात, पारपटल फार ताणलेले नसताना केलेली गोनिओटॉमी किंवा ट्रॅबेक्युलोटॉमी दहातल्या आठ-नऊ डोळ्यांत दाब आवरते. हे सर्वांत अनुकूल चित्र. जन्मतःच आजार दिसलेल्या बाळात ऊती जास्तच अपुरी असते आणि यशाचे प्रमाण निम्म्यावर येते. उशिरा, दोन वर्षांनंतर, डोळा ताणून गेल्यावर आलेल्या मुलातही ते घसरते. पारपटलाचा व्यास १४ मिलिमीटरच्या पुढे गेला असेल तर निकाल आधीच अवघड मानतात.

हैदराबादच्या मालिकांत पहिल्या वर्षअखेर सुमारे दहातले साडेआठ ते नऊ डोळे यशस्वी गणले गेले. सहा ते आठ वर्षांनी ते प्रमाण दहातले सहा-साडेसहा झाले. हा उतार महत्त्वाचा आहे. पहिल्या वर्षीचा आकडा ऐकून आईवडील निश्चिंत होतात आणि त्याच सुमारास फेरतपासणी सुटते. प्रत्यक्षात अपयश हळूहळू, वर्षांच्या अंतराने येत राहते. पाचव्या वर्षी ठीक असलेला डोळा पंधराव्या वर्षी पुन्हा चढलेला असू शकतो, आणि तेव्हा डोळा मोठा होत नसल्याने बाहेरून काहीच दिसत नाही. नळीच्या शस्त्रक्रियेत उतार अधिक तीव्र असतो: पहिल्या वर्षी चांगली दिसणारी यशाची टक्केवारी पाचेक वर्षांत निम्म्याच्या आसपास येते.

मुलांच्या डोळ्याबाबत एक दिलासाही आहे. दाब उतरला की नेत्रचेतेवरचा खळगा लहान मुलांत काही अंशी भरून येतो, कारण तिथली ऊती लवचिक असते. प्रौढांत हे सहसा घडत नाही. म्हणून शस्त्रक्रियेनंतर खळगा लहान होणे हे दाब खरोखर उतरल्याचे चांगले चिन्ह मानतात.

नजरेचे निकाल

दाबाच्या आकड्यांशेजारी नजरेचे आकडे ठेवले की चित्र बदलते. कामापुरती चांगली नजर राहिलेल्या डोळ्यांचे प्रमाण मालिकेनुसार तृतीयांशापासून निम्म्याच्या थोडे पुढेपर्यंत हलते. म्हणजे दाब आवरलेल्या बऱ्याच डोळ्यांना धड दिसत नाही. ही दरी कशाने पडते?

काही डोळ्यांत नेत्रचेता शस्त्रक्रियेआधीच गेलेली असते. काहींत पारपटलावर कायमचे फूल राहते. पण मोठे कारण आळशी डोळा हे आहे. ताणलेल्या डोळ्याला मोठा लघुदृष्टीचा नंबर लागतो, हाबच्या रेषांमुळे तिरका नंबर येतो. मेंदूला त्या डोळ्याकडून स्पष्ट चित्र मिळत नाही आणि तो ते घेणेच सोडून देतो. एकाच डोळ्याला आजार असेल तर ही शक्यता अधिक, कारण मेंदूला चांगल्या डोळ्याची सोय असते. दोन्ही डोळ्यांना आजार असलेल्या मुलाचा बरा डोळा काही वेळा एकाच डोळ्याला आजार असलेल्या मुलाच्या आजारी डोळ्यापेक्षा चांगला निघतो, तो यामुळेच.

आळशी डोळ्यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे: शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांतच चष्मा आणि गरजेप्रमाणे चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी. आठ-नऊ महिन्यांच्या बाळाच्या नाकावर चष्मा टिकवणे आणि दोन वर्षांच्या पोराच्या डोळ्यावर पट्टी ठेवणे हे मात्र घरच्यांनाच करावे लागते. शेजारीपाजारी विचारतात, चांगला डोळा का झाकता? सातव्या-आठव्या वर्षानंतर या उपायाला फळ येणे कठीण होते. शस्त्रक्रिया तासाभरात होते, पट्टी काही वर्षे लागते, आणि दूरची नजर दोन्हींच्या बेरजेवर ठरते.

महाराष्ट्रातल्या अंधशाळांची पाहणी पुण्याच्या देसाई नेत्र रुग्णालयातल्या डॉ. परीक्षित गोगटे, डॉ. मदन देशपांडे आणि सहकाऱ्यांनी केली. ती २००७ मध्ये ब्रिटिश नेत्रविज्ञान पत्रिकेत आली. पावणेदोन हजारांवर मुले त्यात होती. सुमारे ४१ टक्के मुलांचा सगळा डोळाच जन्मतः विकृत किंवा अपुरा होता आणि सुमारे २२ टक्के मुलांचे पारपटल निकामी झाले होते. पाहणीचा उद्देश काचबिंदूपुरता नव्हता. तरी तिचा निष्कर्ष इथे लागू पडतो: अंधशाळेत पोहोचेपर्यंत मूळ आजार कोणता होता हे बऱ्याच मुलांत सांगताही येत नाही. मोजायचे तर आधीच मोजावे लागते.

पुरावा किती भक्कम

शस्त्रक्रियांची तुलना करणारा २०१५ चा कॉक्रेन आढावा हाती घेतला तर त्यात सहाच चाचण्या सापडतात, ६१ मुले आणि १०२ डोळे. त्यावरून कोणती पद्धत श्रेष्ठ हे सांगता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. २०२० च्या सुधारित आढाव्यात चाचण्या १६ झाल्या आणि ३६० अंशांची ट्रॅबेक्युलोटॉमी नेहमीच्या पद्धतीपेक्षा वर्षअखेर सरस असावी असा सावध कौल मिळाला. तोही वर्षभराचाच. दहा-वीस वर्षांचे सगळे ज्ञान जुन्या नोंदी चाळून लिहिलेल्या मालिकांतून आलेले आहे.

अशा मालिका वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात. एक, यशाची व्याख्या: दाब (पाऱ्याच्या मिलिमीटरांत) २१ च्या खाली की १६ च्या खाली, थेंबांविना की थेंबांसह, भुलेत मोजलेला की जागेपणी. भुलेचे वायू दाब उतरवतात आणि केटामाइन तो चढवते, त्यामुळे आकडा कुठल्या भुलेतला हेही लिहिलेले असावे. दोन, किती मुले नोंदीतून निसटली. न परतलेले मूल बरे झाले म्हणून आले नाही की दुसरीकडे गेले, हे कळत नाही, आणि गणित करताना त्याला शेवटच्या भेटीपर्यंत यशस्वी धरले जाते. तीन, नजर नोंदली आहे का. पुष्कळ लेखांत दाबाचा तक्ता पानभर असतो आणि नजर दोन ओळींत उरकलेली असते.

आधीचे आठवडे

मावळातल्या बाळाकडे पहिल्या वर्षात आरोग्य यंत्रणेची नजर किती वेळा जाते? बरीच वेळा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने घडवलेली घरभेटींची पद्धत देशाने स्वीकारली, तिच्यानुसार आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची लस, पुढे नऊ महिन्यांची. २०१८ पासून तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी आणखी घरभेटी. जन्मजात काचबिंदू बहुतांशी याच वर्षात दिसू लागतो. म्हणजे ओळखण्याच्या संधी दहा-पंधरा आहेत.

संधी वाया जाते ती पाहायचे काय हे ठरलेले नसल्याने. घरभेटीच्या तक्त्यात डोळे सुजलेत का, पू आहे का हे बघायचे असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमध्ये, म्हणजे महाराष्ट्रातच सुरू झाला. त्याच्या आजारांच्या यादीत जन्मजात मोतीबिंदू आहे, अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा दृष्टिपटलाचा विकार आहे, दृष्टिदोष आहे. जन्मजात काचबिंदूला स्वतंत्र जागा नाही. यादी बदलायला वेळ लागेल. तोवर तपासणीत चार प्रश्न वाढवता येतात: बुबुळ स्वच्छ काळे आहे की धुरकट? दोन्ही बुबुळे सारखी आहेत का? पट्टी धरून मापले तर १२ मिलिमीटरच्या आत आहे का? बॅटरी लावल्यावर बाळ डोळे गच्च मिटते का? यासाठी मोबाइलचा दिवा आणि शाळेची पट्टी पुरते. यातले काहीही खटकले तर थेंब देऊन महिनाभर थांबू नये.

पाठवायचे कुठे, हे मावळात अवघड नाही. तळेगावला वैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्यात ससून आणि औंधचे जिल्हा रुग्णालय आहे, महंमदवाडीला पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनचे देसाई नेत्र रुग्णालय आहे. तळेगावपर्यंत निदान पक्के होऊ शकते. शस्त्रक्रियेसाठी मात्र बालनेत्रतज्ज्ञाइतकाच तान्ह्या बाळाला भूल देणारा तज्ज्ञ लागतो, आणि तो मोठ्या शहरातच भेटतो. लोणावळ्याहून पुण्याची लोकल चौसष्ट किलोमीटर जाते, पण आंदर मावळातल्या वाडीवरून आधी कान्हे किंवा कामशेत गाठायचे, मग लोकल, मग शहराच्या दुसऱ्या टोकापर्यंत बस. रुग्णालयाचा खर्च योजनेत बसला तरी बुडालेली मजुरी कोणत्याही योजनेत बसत नाही.

नंतरची वर्षे

पहिल्या वर्षी दर काही आठवड्यांनी, मग तीन-चार महिन्यांनी, पुढे सहा महिन्यांनी आणि जन्मभर किमान वर्षातून एकदा तपासणी, असा हा रस्ता आहे. लहानपणी प्रत्येक तपासणी भुलेतच करावी लागत असे. आता हातात धरून, सुन्न करणाऱ्या थेंबांशिवाय दाब मोजणारे उपकरण आल्याने बऱ्याच भेटी जागेपणी होतात. हे उपकरण तालुक्याच्या पातळीवर असले आणि दाब, बुबुळाचे माप, चष्म्याचा नंबर एवढे तिथेच तपासले गेले, तर पुण्याच्या निम्म्या फेऱ्या वाचतील. या परिसराचे वेळापत्रकही तारखा देताना पाहावे. जून-जुलैत भाताची आवणी असते, ओढे भरलेले असतात. त्या दिवसांतली तारीख चुकणार हे आधीच धरावे आणि ती मेमध्ये किंवा गणपतीनंतर द्यावी.

ट्रॅबेक्युलेक्टॉमी झालेल्या डोळ्यावर वरच्या पापणीखाली द्रवाचा फुगवटा राहतो. त्याचे आवरण पातळ असेल तर जंतुसंसर्ग वर्षांनी, दशकांनीही होऊ शकतो. असा डोळा लाल झाला, दुखू लागला, अंधुक झाला तर ते डोळे येणे समजून थांबू नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. ताणलेला डोळा माराने सहज फाटतो. चेंडू, विटी, दगड यांपासून जपण्यासाठी न फुटणाऱ्या भिंगाचा चष्मा हवा, नंबर नसला तरी. विहिरीत किंवा धरणाच्या पाण्यात उडी मारण्याआधी डॉक्टरांना विचारावे. उन्हाळ्यात डोळे खाजले म्हणून दुकानातून स्टिरॉइडचे थेंब आणणे अशा मुलाला दुप्पट घातक.

लोणावळ्यात १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापले तेव्हापासून हे गाव योगाचे आहे, आणि शाळांतूनही आसने शिकवली जातात. म्हणून इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. शीर्षासनात डोळ्याचा दाब जवळपास दुप्पट होतो, हे चेन्नईच्या शंकर नेत्रालयातल्या अभ्यासाने २००६ मध्ये दाखवले. त्याच वर्षी जन्मजात काचबिंदू असलेल्या आणि शीर्षासन करणाऱ्या एका मध्यमवयीन स्त्रीची नजर घटत गेल्याचे वृत्त वैद्यकीय नियतकालिकात आले. योग करावा, पण काचबिंदू असलेल्याने डोके खाली पाय वर ही आसने सोडावीत. क्रीडाशिक्षकाला ही माहिती लेखी द्यावी.

मोठेपणी आणि घराण्यात

अठराव्या वर्षी मूल बालनेत्रतज्ज्ञाकडून सुटते आणि प्रौढांच्या दवाखान्यात त्याची फाइल सहसा पोहोचत नाही. पुढच्या दशकांत दाब पुन्हा चढणे, लवकर येणारा मोतीबिंदू, मोठ्या नंबरामुळे दृष्टिपटल सुटणे, पारपटल बदलण्याची वेळ येणे, हे सगळे संभवते. पहिली शस्त्रक्रिया कोणती, कोणत्या बाजूने, दाब किती होता, एवढे एका कागदावर मराठीत आणि इंग्रजीत लिहून कुटुंबाकडे असावे. नजर अधू राहिली असेल तर दिव्यांगत्वाचे ओळखपत्र, परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक, मोठ्या अक्षरांची पुस्तके यांचा हक्क २०१६ च्या दिव्यांग हक्कांच्या कायद्याने दिलेला आहे. तो शाळेत दाखल करतानाच मागावा.

आजाराचे मुख्य जनुक, सीवायपी१बी१, १९९७ मध्ये सापडले. सौदी अरेबियातल्या बहुतेक रुग्णांत त्याचा दोष आढळतो, भारतात साधारण तृतीयांशात. दोष दोन्ही पालकांकडून आला तरच आजार होतो, म्हणून आईवडिलांचे डोळे ठणठणीत असतात. असे एक मूल असेल तर पुढच्या प्रत्येक गर्भारपणात शक्यता चारांत एक. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे अनेक समाजांत मान्य आहे. एकाच रक्तातले दोन वाहक अशा लग्नात एकत्र येण्याची शक्यता वाढते. याचा दोष सुनेच्या माथी मारण्यात अर्थ नाही, कारण अर्धा वाटा बापाचा असतो. व्यवहारात करायची गोष्ट साधी आहे: पाठच्या भावंडाचे डोळे जन्मल्यावर पहिल्या आठवड्यातच तपासावेत आणि वर्षभर दर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा पाहावेत.

काय ठरले, काय ठरायचे आहे

ठरलेल्या गोष्टी अशा. वेळेत झालेली शस्त्रक्रिया बहुतेक डोळ्यांचा दाब आवरते. तो आवर वर्षांगणिक सैल होतो, म्हणून तपासणी जन्मभराची. चष्मा आणि पट्टी हा शस्त्रक्रियेचाच उरलेला भाग आहे. कोणती पद्धत सर्वांत चांगली याचा वाद चालू राहील, पण अनुभवी हातांत वर्षाच्या आत केलेली कोणतीही मान्य पद्धत ही तिसऱ्या वर्षी केलेल्या सर्वोत्तम पद्धतीपेक्षा मुलाला अधिक देते.

ठरायचे आहे ते महाराष्ट्रातल्या मुलांचे पुढे काय होते. त्यासाठी पुण्या-मुंबईतल्या रुग्णालयांनी एक सामाईक नोंदवही ठेवावी, तिच्यात दाबाशेजारी नजर आणि शाळा हेही रकाने असावेत. मावळासारख्या तालुक्याला आपल्या वाट्याचे काम आजही सुरू करता येण्याजोगे आहे: आशाताईंच्या प्रशिक्षणात ते चार प्रश्न, तालुक्याच्या ठिकाणी दाब मोजण्याचे एक उपकरण, आणि शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक मुलाचे नाव प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पाठपुराव्याच्या यादीत. वर्षाला एखाद-दुसरे मूल म्हणजे ही यादी दहा वर्षांतही एका पानावर मावेल. एवढ्या थोड्या मुलांची तारीख चुकू न देणे कोणत्याही तालुक्याला जमण्यासारखे आहे.